वरून लिंपलेली भेग

शास्त्रपाठ : लेवीय १४:३३-४८, यहेज्केल १३:१०-१६, मत्तय ५:२३-२४



घरातल्या लहानशा दुरुस्तीतूनही परमेश्वर आपले कान उघडतो, ह्याचा अनुभव मला गेल्या वर्षी आला. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरील बोरगाव येथे माझी धाकटी बहीण राहते. सौंसर तालुक्यातील हे गाव पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली नवा पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हापासून ते त्यात आहे.

बहिणीच्या न्हाणीघरात टाइलांमधल्या सांध्यांना भेगा पडल्या होत्या. नाताळापूर्वी तिने पांढरे सिमेंट कालवून त्या बोटाने भरून टाकल्या. पाहुणे आले आणि गेले. कोणाच्या काही लक्षात आले नाही. ईस्टरच्या सुमारास पापुद्रे सुटू लागले, आणि पावसाळ्यात पाणी मुरून पलीकडच्या खोलीच्या भिंतीला हातभर ओल आली.

मी तेथे गेलो असताना गवंडी आला होता. त्याने करणीच्या मुठीने एकेक टाइल ठोकून पाहिली. दोन ठिकाणी पोकळ आवाज आला. तो म्हणाला, "बाबूजी, वरून लिंपून काय होते? आतलं जुनं पयले खरवडा. खाली टाइलच हालते, तं नवा माल कायले धरीन?"

मग त्याने काम कसे केले, ते पाहण्यासारखे होते. पोकळ वाजलेल्या टाइला उचलून त्याने नव्याने बसवल्या व मुरू दिल्या. इतर सांधे टाइलच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक खोल खरवडले. धूळ झाडली, पुसली, सांधा किंचित ओला केला. पण पाणी साचू दिले नाही. भरायचा माल त्याने घट्टच कालवला. पाणी जास्त झाले की ते उडून जाताना माल आकसतो व पुन्हा चिरतो. तो माल तळापर्यंत दाबून भरला. सिमेंट नुसते वाळून पक्के होत नाही, त्याला ओलावा लागतो; म्हणून पुढचे दोन-तीन दिवस सांधे हलके ओलसर ठेवायला सांगितले. भिंत आणि जमीन जेथे मिळतात त्या कोपऱ्यात मात्र त्याने सिमेंट घातलेच नाही. दोन्ही बाजू ऊन-पावसात आपापल्या परीने हलतात. तेथे कडक माल तुटणारच. त्या जागी त्याने लवचीक सिलिकॉन भरले.

त्याचे शब्द माझ्या जिव्हारी लागले, कारण त्याच घरात मीही एक भेग वरून लिंपली होती. माझ्या बहिणीचे व तिच्या जाऊबाईंचे दोन वर्षे बोलणे नव्हते. नाताळच्या उपासनेपूर्वी मी दोघींना उभे केले, चार शब्द प्रार्थनेचे बोललो आणि हात मिळवायला लावले. मंडळी आनंदली. मलाही वाटले, प्रभूने माझ्या हातून समेट घडवला. ईस्टरपर्यंत अबोला पुन्हा सुरू झाला होता.

लेवीयच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीला लागलेल्या चट्ट्याविषयी नियम आहे. घरधनी याजकाला बोलावतो. याजक लगेच गिलावा करायला सांगत नाही. तो पाहतो, घर सात दिवस बंद ठेवतो, पुन्हा येऊन पाहतो. चट्टा पसरला असेल तर दूषित दगड काढायचे, घर आतून खरवडायचे, ती माती नगराबाहेर टाकायची. आणि मगच नवे दगड, नवा गिलावा. ह्या क्रमात देवाची दया आहे. तो घर पाडण्याची घाई करीत नाही, तसेच ते शुद्ध ठरवण्याचीही करीत नाही. उलट, यहेज्केलाच्या काळी शांती नसताना शांती आहे असे सांगणारे संदेष्टे कच्च्या भिंतीला चुन्याचा हात देत होते. पहिल्या जोराच्या पावसात ती भिंत पडेल, असे परमेश्वराने सांगितले. मी कोणाच्या पंक्तीत बसलो होतो, हे मला त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी मी जाऊबाईंकडे गेलो. उपदेश केला नाही, एवढेच विचारले, "ताई, मूळ दुखणे काय आहे?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात आठ महिने मी रात्री जागले. अंत्यविधीच्या दिवशी सर्वांसमोर आभार मानले गेले ते एकट्या धाकटीचे." ते आभार, बंधुभगिनींनो, मीच मानले होते.

पोकळ टाइल माझ्याच पायाखाली होती. मी तेथेच त्यांची क्षमा मागितली. संध्याकाळी बहीणही गेली आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही जागत होता, मी झोपत होते. मला ठाऊक होते, तरी मी त्या दिवशी बोलले नाही." दोघी रडल्या. अजून पूर्वीचा मोकळेपणा आलेला नाही. पण नवा सांधा एका दिवसात पक्का होत नाही. त्याला ओलावा द्यावा लागतो. आता रविवारी त्या एकत्र उपासनेला जातात.

प्रभू येशूने सांगितले की वेदीपाशी भावाचे गाऱ्हाणे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे. जावे म्हणजे त्याचे ऐकावे. जेथे दोन स्वभाव मिळतात, तेथे एकमेकांचे सोसून घेण्याइतकी लवचीकताही ठेवावी.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, दोन मुले भांडली की आपण लगेच त्यांना "सॉरी म्हणा" असे सांगतो. ह्या रविवारी त्याआधी दोघांना विचारा, "काय झाले?" आणि उत्तर पूर्ण ऐका.

आपल्या घरात, आपल्या मंडळीत अशी कोणती भेग वरून लिंपलेली आहे? ती खरवडताना धूळ उडेल, आणि तीत कदाचित आपलाच दोष निघेल. तरी भिऊ नये. आपला प्रभू स्वतः सुताराच्या घरी वाढला. मोडलेले कसे सांधावे, हे त्याला ठाऊक आहे. तो आपल्याला खरे ऐकण्याचे व खरे बोलण्याचे धैर्य देवो. आमेन.