सुट्टी आणि खाडा

दसरा-दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून दोन प्रकारची कुटुंबं घराला कुलूप लावून बाहेर पडतात. पहिली धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या गावांतून आणि तांड्यांवरून निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धान्याची पोती, भांडीकुंडी, कोपीचं सामान, एखादी शेळी आणि लहान पोरं घालून ती सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा थेट कर्नाटकातल्या उसाच्या फडांवर जातात, ती पाडव्याच्या सुमाराला परततात. दुसरी कुटुंबं बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव अशा शहरांतली असतात. डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी, गुत्तेदार. ती पुण्याला किंवा मुंबईला जाऊन विमान पकडतात आणि पाच-सहा दिवसांसाठी दुबईला जातात. अशा कितीतरी घरांचा ‘पहिला परदेश’ दुबईच असतो. विमानाने तीनेक तास लागतात, हिंदीवर काम भागतं, जेवायला वरण-भात मिळतो आणि फोटो उत्तम येतात.

पहिल्या प्रवासाला आपण स्थलांतर म्हणतो, दुसऱ्याला सहल. एकाच्या बातम्या जिल्हा पानावर येतात, दुसऱ्याचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर. दोन्ही प्रवास एका आठवड्यात, कधीकधी एकाच रस्त्याने होतात, तरी त्यांचा एकत्र विचार करायची आपल्याला सवय नाही. तो इथे करून पाहायचा आहे आणि त्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे. सुट्टी ही कमावलेली चैन आहे की माणूस म्हणून मिळायचा हक्क? हक्क असेल, तर तो उपभोगणाऱ्यावर काही जबाबदारी येते का?

दुबईला गेलेलं कुटुंब काय पाहतं? 828 मीटर उंचीच्या बुर्ज खलिफाच्या 124 व्या मजल्यावरून खालचं शहर पाहतं. एक दिरहम देऊन अब्रा नावाच्या लाकडी होडीतून खाडी ओलांडतं आणि देऱ्यातल्या सोन्याच्या बाजारात शिरतं. बर दुबईच्या मीना बाजारात भाव करतं. आणि हे सगळं पाहताना, लक्ष असो वा नसो, आणखी एक गोष्ट त्याच्यासमोर सतत असते. इथं काम करणारे बहुतेक सगळे परके आहेत. संयुक्त अरब अमिरातीत दहापैकी जवळपास नऊ माणसं बाहेरून आलेली आहेत. टॅक्सी चालवणारा पाकिस्तानी, खोली आवरणारी नेपाळी किंवा फिलिपिनो, इमारतीच्या परातीवर उभा असलेला बिहारी किंवा तेलंगणातला. हा तेलंगणातला तर आपला जुना शेजारी. नांदेडच्या पलीकडचे निजामाबाद, जगित्याल, करीमनगर हे भाग एकेकाळी बीडसारखेच निजामाच्या राज्यात होते आणि आज तिथल्या असंख्य घरांतला कर्ता पुरुष आखातात आहे.

दुबईच्या कडेला मुहैसना नावाच्या भागात या मजुरांच्या मोठ्या वसाहती आहेत. हिंदी-उर्दू बोलणाऱ्या मजुरांनी त्या भागाला नाव दिलं सोनापूर, सोन्याचं गाव. मुंबईच्या जुन्या मराठी माणसाला ‘सोनापूर’ म्हटलं की स्मशान आठवतं. दोन्ही अर्थ मनात ठेवावेत असं ते ठिकाण आहे. सहलीची बस तिथे जात नाही.

संवेदनशील माणसाला हे टोचतं. चकचकीत मॉलमध्ये फरशी पुसणाऱ्या, आपल्यासारख्याच चेहऱ्याच्या माणसाकडे पाहून त्याला वाटतं, या बिचाऱ्याने घर कधी पाहिलं असेल? ही भावना खोटी नसते. पण तिची एक गंमत आहे. अ‍ॅडम स्मिथने 1759 च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात म्हटलं होतं की चीनमध्ये भूकंप होऊन अगणित माणसं गेल्याचं कळलं तर युरोपातला सज्जन माणूस हळहळेल आणि रात्री शांत झोपेल. उद्या आपली करंगळी कापली जाणार आहे असं कळलं तर मात्र त्याला झोप लागणार नाही. दूरचं दुःख फिकं आणि जवळचं गडद, हा त्याच्या मते माणसाचा स्वभाव. पर्यटकाच्या बाबतीत हे नेमकं उलटं होतं. दुबईतला मजूर त्याला दिसतो, कारण तिथे सगळंच नवं असतं आणि नव्या ठिकाणी डोळे उघडे असतात. घरासमोरून जाणारी उसाच्या मजुरांची ट्रॉली त्याला दिसत नाही, कारण ती दरवर्षीच जाते. शिवाय दूरच्या दुःखाने हळहळण्यात एक सोय आहे. ते परतीच्या विमानाबरोबर संपतं. त्याचं काही करावं लागत नाही.

आता एक अवघड तुलना करू. अमिरातीच्या कायद्यात कामगाराला आठवड्याची सुट्टी आहे, वर्षाला 30 दिवसांची भरपगारी रजा आहे. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत उघड्यावरचं काम करून घ्यायला बंदी आहे. हे सगळं प्रत्येकाला मिळतंच असं नाही. भरतीसाठी काढलेलं कर्ज आणि मालकावर बांधलेला व्हिसा यांच्यापुढे कागदावरचा हक्क दुबळा पडतो. पण निदान कागद तरी आहे. आपल्या ऊसतोड मजुराकडे काय आहे? त्याच्याकडे मुकादमाकडून घेतलेली उचल आहे आणि एक शब्द आहे, ‘खाडा’.

खाडा म्हणजे कामावर न येणं. नोकरदाराच्या रजेला पगार मिळतो, रोजंदारीवाल्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. उसाच्या फडात याच्याही पुढची पायरी आहे. इथे खाड्याचा दंड असतो. एक दिवस कामावर आला नाहीत तर 500 ते 1000 रुपये अंगावर चढतात. ताप आला, मूल आजारी पडलं, पाळी आली, तरी हिशेब तोच. म्हणजे ज्या आठवड्यात एक कुटुंब पैसे भरून सुट्टी घेतं, त्याच आठवड्यात दुसऱ्या कुटुंबालाही सुट्टीचे पैसे भरावेच लागतात. पहिल्याने ती हौसेने विकत घेतलेली असते, दुसऱ्यावर ती दंड म्हणून बसते.

या दंडाची किंमत कुठवर जाते हे 2019 मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात 13,861 जणींचं गर्भाशय काढून टाकलेलं आढळलं. दर सहा बायकांत एक. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. कारणं एकापेक्षा जास्त होती. लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं, फडावर ना पाणी ना आडोसा, दुखण्याकडे वर्षानुवर्षं झालेलं दुर्लक्ष, आणि भीती घालून शस्त्रक्रिया करणारे दवाखाने. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी दुखण्याला वेळ नसणं होतं. शरीराला विश्रांती परवडत नाही, म्हणून विश्रांती मागणारा अवयवच काढून टाकायचा, इथपर्यंत हिशेब आला होता.

‘कुटुंबासह’ हा शब्दही इथे तपासून पाहण्यासारखा आहे. सहलीच्या जाहिरातीत तो आनंदाचा असतो. दुबईतल्या साध्या मजुराला मात्र बायको-मुलांना सोबत ठेवता येत नाही. त्यासाठी महिन्याला निदान 4000 दिरहम पगार किंवा घर धरून 3000 दिरहम लागतात आणि त्याचा पगार तेवढा नसतो. उलट उसाच्या फडात एकट्याला काम मिळणं कठीण, कारण तिथे ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. एके ठिकाणी कामासाठी कुटुंब तोडावं लागतं, दुसऱ्या ठिकाणी कामासाठी कुटुंब जोडावं लागतं. मुलींची लग्नं लवकर होण्यामागे हेही एक कारण आहे. काम नसताना एकमेकांसोबत असणं, म्हणजे खरं तर सुट्टीचा गाभा, तो दोघांच्याही वाट्याला येत नाही.

यावर दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, कोणी बळजबरी केलेली नाही, ते स्वखुशीने जातात. पण ज्याच्या शेतात पावसाळ्यानंतर पाणी नाही आणि ज्याने गेल्या वर्षीची उचल अजून फेडलेली नाही, त्याच्या ‘स्वखुशी’ला फारसा अर्थ उरत नाही. दुसरं उत्तर असं की आपण दुबईला जातो, साखर खातो, म्हणून तर त्यांना काम मिळतं. हे खरं आहे. पण प्रश्न कामाचा नव्हताच, विश्रांतीचा होता. काम दिलं म्हणून झोप, आजारपण आणि बाळंतपण यांच्यावर ताबा मिळत नाही.

मग काय, सहलीला जायचंच नाही? हा निष्कर्ष सोपा आहे आणि चुकीचा आहे. आपण घरी बसल्याने फडावरच्या कोणालाही एक दिवस जास्त मिळत नाही. शिवाय सुट्टी हे पाप मानलं तर आधी ती गरिबालाच नाकारली जाते. ‘यांना कशाला हवी सुट्टी’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. सुट्टी चांगलीच गोष्ट आहे आणि आपल्याकडे ती झगडून मिळवलेली आहे. मुंबईत साहेबाच्या कचेऱ्या रविवारी बंद असत, गिरण्या चालू असत. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून सभा घेतल्या, अर्ज केले, हजारो कामगार गोळा केले, तेव्हा 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 24 वं कलम विश्रांतीचं आणि ठरावीक काळाने मिळणाऱ्या पगारी सुट्टीचं आहे. ते ‘प्रत्येकाला’ या शब्दाने सुरू होतं.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. सुट्टी चैन असती तर ज्याची त्याची ऐपत, इतकं म्हणून थांबता आलं असतं. पण ती हक्क असेल तर माझा हक्क आणि दुसऱ्याचा खाडा या दोन सुट्या गोष्टी राहत नाहीत. आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन विचारवंत बाईंनी इथे एक उपयोगी भेद केला आहे. दोष वेगळा आणि जबाबदारी वेगळी. दोष मागे पाहतो आणि कोणीतरी एक गुन्हेगार शोधतो. अंबाजोगाईच्या प्राध्यापकाने कोणाला दंड लावलेला नाही, त्यामुळे त्याचा दोष नाही. जबाबदारी पुढे पाहते. ज्या व्यवस्थेतून आपली साखर, आपली स्वस्त सेवा आणि आपला मोकळा वेळ येतो, तिच्यात आपण सहभागी आहोत, म्हणून ती बदलण्याचा वाटा आपल्याकडे आहे. अपराधीपणा घेऊन फिरायचं कारण नाही. त्याने सहल बिघडते आणि मजुराचं काहीच सुधारत नाही.

हा वाटा कुठून उचलायचा? दंड बंद व्हावा, बाळंतपणाची आणि आजारपणाची रजा मजुरीसह मिळावी, यासाठी संघटना भांडत आहेत. त्यांच्या मागे उभं राहता येतं. मुकादम आणि कारखाने ज्यांच्या ओळखीचे, नात्यातले आहेत अशी घरं बीडमध्ये कमी नाहीत. त्यांना जेवताना का होईना, विचारता येतं. पण त्याहून जवळची एक जागा आहे. आपण सहलीला निघतो तेव्हा घरकामाच्या मावशींना सांगतो, आठ दिवस येऊ नका. महिनाअखेरीला त्या आठ दिवसांचे पैसे कापून घ्यायची पद्धत कितीतरी घरांत आहे. गावाला गेलो आपण आणि खाडा लागला त्यांना. शेतावरचा सालगडी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेला असतो. त्याच्या वर्षात हक्काच्या सुट्ट्या किती, हे बोलीच्या वेळी किती जण ठरवतात?

परक्या शहरात आपल्याला परक्याचे डोळे मिळतात आणि राबणारी माणसं दिसू लागतात. एवढी तरी त्या सहलीची कमाई असते. ते डोळे सामानासोबत घरी आले की नाही, हे कळायला वेळ लागत नाही. मावशी पगार घ्यायला येतात, तेव्हा कॅलेंडरवरच्या त्या आठ चौकोनांचं आपण काय करतो, त्यात ते कळतं.