पाण्यात उतरलेला धर्मगुरू

अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराच्या कडेनं वालधुनी वाहते. मंदिर इ.स. 1060चं, नदी त्याहून कितीतरी जुनी. आता तिच्याजवळून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो, आणि रुमाल काढला की मला हटकून वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवतात.

दिब्रिटो बिशप नव्हते, साधे धर्मगुरू. 'सुवार्ता'चे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते. पण वसईच्या विहिरी टँकरनं उपसल्या जाऊ लागल्या, वाड्यांवर बिल्डरांची नजर गेली, तेव्हा हा लेखक हरित वसई संरक्षण समितीबरोबर रस्त्यावर उतरला. धर्मगुरूनं पाण्याच्या भांडणात कशाला पडावं?

ब्राझीलच्या हेल्डर कामारांनी याचं उत्तर जगून दिलं. 1964 ते 1985 ते ओलिंडा-रेसिफेचे आर्चबिशप; प्रासाद सोडून चर्चमागच्या लहानशा घरात राहिले, गळ्यात लाकडी क्रूस. गरिबी ही देवाची इच्छा नाही, माणसांनी रचलेली व्यवस्था आहे, असं मुक्तीचं धर्मशास्त्र मानतं, आणि कामाराही तेच बोलत. ब्राझीलच्या लष्करी राजवटीला हे झोंबलं. वर्तमानपत्रांत त्यांचं नाव छापायलाही बंदी आली. भूतदया चालते हो, प्रश्न चालत नाहीत!

दिब्रिटोंनाही विरोध चुकला नाही. तरीही 2020मध्ये पाठीचं दुखणं सोसत ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून मंचावर आले. 25 जुलै 2024ला गेले, भर पावसाळ्यात. वसईच्या विहिरींचं पाणी तेव्हा वर आलेलं असतं.