हातातलं कसब कुणाच्या कामाचं?

सावता माळ्याने मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडलं नाही, सेना महाराजांची धोकटी खांद्यावरून उतरली नाही. देवाकडे जाण्यासाठी धंदा टाकावा लागतो, असं वारकरी परंपरेने कधी मानलं नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात तर ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेलं काम हीच ईश्वराची पूजा ठरते. येशूने सांगितलेल्या एका दृष्टान्तातही धन्याने दिलेलं द्रव्य जमिनीत पुरून ठेवणारा चाकर दोषी ठरतो. मिळालेला गुण राबवायचा असतो, याबद्दल परंपरांमध्ये फारसा वाद नाही.

मला त्यापुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. सावतोबांची भाजी कोण खाणार, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आपण ज्या शहरांत राहतो तिथे कसब असलेला माणूस एका टोकाला असतो आणि त्या कसबाने ज्याचं आयुष्य बदलणार तो दुसऱ्या टोकाला. दोघांची गाठही पडत नाही. मग ‘मी माझे गुण लोकांसाठी वापरले’ हे ठरवायचं कुणी?

या प्रश्नाचा विचार करायला नवी मुंबईइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नसेल. हे शहर आपोआप वाढलेलं नाही, ते बुद्धिमान माणसांनी विचारपूर्वक मांडलेलं आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी हे शहर उभारण्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झालं आणि कोरिया त्याचे मुख्य वास्तुविशारद झाले. ही माणसं आपली बुद्धी फक्त पैशासाठी विकणारी नव्हती. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये कोरियांनी सात-सात घरं एकेका अंगणाभोवती बसवली आणि दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही. कुटुंब वाढलं, चार पैसे हाती आले की शेजाऱ्याला न दुखवता घर वाढवता यावं, हा त्यामागचा विचार. लहान घरात राहणाऱ्याचा इतका आदर करणारा आराखडा आपल्याकडे क्वचितच दिसतो.

तरीही याच शहरासाठी ९५ गावांची जमीन गेली. शेतजमीन स्वस्तात घ्यायची, तिथे रस्ते-पाणी-वीज आणायची, मग ती चढ्या भावाने विकायची आणि त्या पैशातून शहर उभं करायचं, असा हिशेब होता. कागदावर तो बिनतोड होता. भाव चढणार हे गृहीत होतं, पण त्या चढणाऱ्या भावात मूळ मालकाचा वाटा किती, हा प्रश्न मात्र आखणीत नव्हता. आखणाऱ्यांचं मन वाईट होतं असं मी मुळीच म्हणत नाही. कसब होतं, हेतूही चांगला होता; ज्याची जमीन जाणार तो माणूस मात्र टेबलाशी नव्हता.

त्याचं म्हणणं टेबलापर्यंत नेलं दि. बा. पाटलांनी. १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातल्या जासईत त्यांचा जन्म झाला. कायद्याचं शिक्षण घेऊन ते पनवेलला वकिली करू लागले. शेतकरी कामगार पक्षातर्फे पाच वेळा आमदार, दोनदा खासदार आणि विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. माणूस मोठा झाला, तरी त्याच्या कामाचा पत्ता पनवेल-उरणच राहिला.

त्यांच्या मागे कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याची एक परंपरा होती. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांविरुद्ध संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपास काढले. त्या शेतकऱ्यांना भेटायला १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या चरीच्या कुळाच्या कामी आल्या. विद्येचं सोनं होणं म्हणतात ते हेच, असं मला मनापासून वाटतं.

दिबांकडे वक्तृत्व होतं, लढाऊ वृत्ती होती. पण त्यांचा खरा गुण मला दुसराच दिसतो. खाडीकाठच्या माणसाचा राग त्यांना कलमांत बसवता येत होता. ‘आमच्यावर अन्याय झाला’ हे वाक्य सरकारी कचेरीत टिकत नाही. ‘संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्या’ हे वाक्य टिकतं, कारण त्याला उत्तर द्यावंच लागतं.

या मागणीचं मोल समजायला थोडा हिशेब करावा लागतो. एका एकरात चाळीस गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी वजावट झाली की हातात येतात साडेतीन. साडेतीन गुंठे ऐकायला थोडे वाटतात. पण ते रस्ता, पाणी, वीज असलेल्या शहरातले असतात. रोख मोबदला एकदाच मिळतो आणि संपतो. भूखंड मिळाला तर शहर वाढेल तशी मूळ मालकाची किंमतही वाढते. ज्या चढत्या भावावर शहराचा हिशेब उभा होता, त्यातच शेतकऱ्याला भागीदार करणारी ही मागणी होती. विरोधकाचा हिशेब त्याच्याइतकाच बारकाईने समजल्याशिवाय असली मागणी सुचत नाही. इथे कळकळ पुरत नाही, अभ्यास लागतो.

आणि किंमतही मोजावी लागली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकऱ्यांचा जीव गेला. नवी मुंबईत साडेबारा टक्क्यांची योजना १९९० मध्ये लागू झाली. मधली सहा वर्षं सभा, मोर्चे, निवेदनं आणि बैठकांची होती. सेवेचा हा भाग कुणाला रम्य वाटत नाही. एकाच मागणीचा कागद तीन टेबलांवरून परत आला तरी चौथ्या टेबलावर नेणं, यालाच मी चिकाटी म्हणतो. दिबा २४ जून २०१३ रोजी गेले. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उठवलेल्या गावांना पुढे साडेबावीस टक्के विकसित जमीन देण्याचं ठरलं, त्याचा पाया जुन्या लढ्यातच आहे. त्या विमानतळाला दिबांचं नाव लाभावं, ही मागणी या गावांनी रस्त्यावर उतरून केली आणि २०२२ मध्ये विधिमंडळाने तसा ठरावही केला.

चिकाटीची दुसरी जात खारघरला दिसते. श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर मोफत शस्त्रक्रिया होतात. बिल भरायची खिडकीच तिथे नाही. दर हजार जन्मांत आठ-दहा बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. अक्रोडाएवढ्या हृदयावर टाका घालायला शल्यविशारदाच्या हाताला कित्येक वर्षांचा सराव लागतो. दयेने हृदयातलं छिद्र बुजत नाही. गरिबासाठी आहे म्हणून काम जेमतेम चालेल, ही समजूत आपल्या सेवाभावी संस्थांत खोल रुजलेली आहे. मला ती गरिबाचा अपमान वाटते.

ऐरोली-घणसोलीच्या संगणक कंपन्यांपासून उरणच्या बंदरापर्यंत हा पट्टा आज शिकलेल्या, हुशार माणसांनी भरलेला आहे. त्यांच्यातले अनेक जण रविवारी खाडीकाठच्या खारफुटीत प्लॅस्टिक वेचायला जातात. ते चांगलंच काम आहे. पण पाण्याचा निचरा ज्याला गणिताने मांडता येतो, त्याने फक्त पिशव्या वेचून घरी यावं, हे मला पटत नाही. काही भाग भरतीच्या रेषेखाली असलेल्या या शहरात डच धर्तीवर धारण तलाव बांधले आहेत. त्यांत गाळ साचतो, खारफुटी वाढते, आणि मोठा पाऊस व भरती एकत्र आली की रस्त्यांवर पाणी येतं. इथे त्याच्या विद्येची गरज आहे. सनदी लेखापालाने वह्यावाटप जरूर करावं, पण बचतगटाचे हिशेब नीट लावून दिले तर ते बायकांच्या अधिक कामाचं आहे.

मात्र हे करताना पहिल्या आखणीतली चूक पुन्हा होऊ नये. हुशारी फक्त टॉवरमध्ये राहते आणि गावात फक्त गरज राहते, असं धरून चालणं सोपं असतं. इथल्या आगरी शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या समुद्राला बांध घालून खारजमिनीत भात पिकवला, मिठागरं चालवली. भरतीचं पाणी रोखायचं, ओहोटीला पावसाचं पाणी सोडून द्यायचं, त्यासाठी बांधात उघाडी कुठे ठेवायची, हे त्याला ठाऊक होतं. धारण तलावाचं शास्त्र ते वेगळं काय आहे? शहर आलं तेव्हा त्याची जमीन मोजली गेली, त्याचं हे ज्ञान कुणी मोजलं नाही. ईश्वराने दिलेला गुण त्याच्याकडेही होता. दुसऱ्याची सेवा करायची तर आधी त्याच्याकडचा गुण ओळखावा लागतो, त्याच्याकडून काही शिकावं लागतं. नाहीतर आपलं कसब त्याच्या डोक्यावर ओझं होऊन बसतं.

कामाची वाण मुळीच नाही. गावठाणांभोवती कुटुंबं वाढली तशी उभी राहिलेली ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ नियमित व्हावीत, हा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतो आहे. त्यासाठी मोजणी लागते, नकाशे लागतात, जुने सातबारे वाचू शकणारी माणसं लागतात, इमारत धोकादायक आहे की नाही ते प्रामाणिकपणे सांगणारे अभियंते लागतात, आणि पक्षकार दमला तरी न दमणारे वकील लागतात. ही सगळी माणसं याच शहरात, त्या गावठाणांपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात.