युधिष्ठिराला झाड दिसलं

माझा नातू चौथीत आहे. डॉक्टरांनी त्याला एडीएचडी असल्याचं सांगितल्यापासून आमच्याकडे उपदेशाला तोटा नाही. 'रोज रामरक्षा म्हणायला लावा', 'आईची नोकरी, मग काय होणार', 'मन लावलं की सगळं येतं'. पहिल्याला माझी हरकत नाही, दुसऱ्याला उत्तर द्यायची गरज नाही. माझं भांडण आहे ते तिसऱ्याशी. मन लागत नाही हाच ज्याचा आजार, त्याला मन लावण्याचं औषध कसं सांगता?

लक्ष न लागणं हा दोष नीतीचा की देहाचा, हा वाद जुना आहे. १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली. त्यांच्यात नैतिक संयम कमी पडतो असं त्याने मांडलं, पण मूळ शरीरात असावं असंही तो म्हणाला. वैद्यकाने पुढे त्यातली नीती सोडून दिली. नातेवाइकांनी नाही.

संस्कृत शिकवत होते तेव्हा द्रोणांच्या परीक्षेची गोष्ट मी वर्गात हटकून सांगायची. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला. (मूळ महाभारतात डोकं आहे, डोळा मागाहून आला.) पण परीक्षेला आधी उभा होता युधिष्ठिर. त्याला पक्षी दिसला, झाड दिसलं, भाऊ दिसले, समोरचे गुरुजीही दिसले. द्रोण वैतागले आणि त्याला बाजूला सारलं. माझा नातू त्या रांगेत असता तर त्याने झाडावरचे मुंगळेही सांगितले असते.

आणि तोच एकाग्र अर्जुन गीतेच्या सहाव्या अध्यायात, ३४व्या श्लोकात, मन आवरणं वारा आवरण्याइतकं अवघड आहे अशी तक्रार करतो. ही दुसरी गोष्ट शाळेत कुणी सांगत नाही. कृष्ण त्याला आळशी म्हणत नाही. आधी 'खरंच अवघड आहे' हे मान्य करतो आणि मग अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय देतो. तेही एका प्रौढ योद्ध्याला. नऊ वर्षांच्या मुलाकडून आपण त्याहून जास्त मागतो.

त्याच्या सध्याच्या बाईंनी गीता वाचली आहे की नाही, मी विचारलेलं नाही. त्यांनी त्याला खिडकीपासून हलवून पहिल्या बाकावर आणलं. दहा गणितं एकदम न देता तीन-तीन देतात, सूचना एका वेळी एकच. मधेच वह्या वाटायला उठवतात, कारण पाय हलले की त्याचं डोकं चालतं. लक्ष सुटलं की खांद्यावर हात ठेवून परत वहीकडे आणतात, दिवसातून कितीही वेळा, आवाज न चढवता. अभ्यास याहून वेगळा काय असतो?

वैराग्य मात्र मुलाने घ्यायचं नाही, घराने घ्यायचं. संध्याकाळी तो लिहायला बसला की आमचा टीव्ही बंद असतो आणि मोठ्यांचे फोन आतल्या खोलीत. सर्वांत जड गेलं ते त्याच्या आजोबांना, बातम्या बुडतात.

राहिला प्रश्न गोळीचा. 'मनाला गोळी कशाला, साधना करा' असं म्हणणारे स्वतः रक्तदाबाची गोळी सकाळी चुकवत नाहीत. देह तोच आहे, मेंदूही त्यातच येतो. गोळी द्यायची की नाही, हे आईबापांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. सत्यनारायणाच्या प्रसादाला आलेल्यांनी शिरा खाऊन घरी जावं.