भोग, उपभोग आणि प्लाझ्माचा पडदा

वस्तूंच्या मालकीविषयी भारतीय परंपरेत जो विचार झाला, त्याचा भर बहुधा तृष्णेवर, म्हणजे जे नाही ते मिळावे या इच्छेवर, राहिला आहे. महाभारतातील ययातीची कथा याच विचाराची आहे, आणि वि. स. खांडेकरांच्या १९५९ मधील कादंबरीमुळे ती मराठी वाचकांच्या विशेष परिचयाची झाली आहे. भोगाने वासना शमत नाही, उलट वाढते, हे तिचे तात्पर्य निर्विवाद असले तरी घरात येऊन स्थिरावलेल्या वस्तूमुळे रोज होणारा मनस्ताप या चौकटीत पुरता बसत नाही, कारण असा मनस्ताप सोसणाऱ्या माणसाला नवे काहीच नको असते. आहे ते आहे तसे राहावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. गीतेवरील भाष्यात शंकराचार्यांनी अप्राप्ताची प्राप्ती म्हणजे योग आणि प्राप्ताचे रक्षण म्हणजे क्षेम असा भेद केला आहे. त्या परिभाषेत सांगायचे तर तृष्णेची मीमांसा योगाच्या बाजूचे दुःख उलगडते. क्षेमाच्या बाजूच्या दुःखाचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागतो. या दुसऱ्या दुःखाचे स्वरूप तपासण्यासाठी प्लाझ्मा दूरचित्रवाणी संच हे उदाहरण उपयुक्त आहे, कारण ज्या क्रियेसाठी तो विकत घेतला जातो, त्याच क्रियेने तो झिजतो, आणि ही झीज मालकाच्या डोळ्यांसमोर, तो पाहत असलेल्या चित्रातच उमटते.

यासाठी त्याची रचना थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. प्लाझ्मा पडदा म्हणजे काचेच्या दोन तावदानांमध्ये बंदिस्त केलेल्या सूक्ष्म कोषांची जाळी होय. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यात प्रत्येक बिंदूस लाल, हिरवा व निळा असे तीन कोष लागत असल्याने त्यांची संख्या सुमारे ६२ लाख होते. प्रत्येक कोषात निऑन व झेनॉन या वायूंचे मिश्रण असते. विद्युत्दाबाने त्या मिश्रणाचे आयनीभवन झाले, म्हणजे वायू विद्युत्भारित कणांच्या अवस्थेत गेला, की त्यातून अतिनील किरण बाहेर पडतात आणि कोषाच्या आतील फॉस्फरवर, म्हणजे अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश देणाऱ्या द्रव्यावर, आदळून रंग निर्माण करतात. घरातील ट्यूबलाइट याच तत्त्वावर चालते. एलसीडी पडद्यात प्रकाश मागच्या सामाईक दिव्यांतून येतो आणि प्रत्येक बिंदू तो अडवण्याचे वा सोडण्याचे काम करतो; प्लाझ्मात मात्र प्रत्येक कोष स्वतःच दिवा असतो. गडद काळा रंग, वेगवान हालचालींतील स्पष्टता आणि कोणत्याही कोनातून सारखेच दिसणारे चित्र हे त्याचे गुण बहुतांशी यातून येतात, आणि त्याचा मूळ दोषही यातूनच येतो, कारण जो कोष अधिक उजळतो त्याचा फॉस्फर अधिक लवकर मंदावतो आणि प्रत्येक कोषाचे वय वेगळे होत जाते.

या तंत्राच्या जन्मकथेत एक मार्मिक विसंगती आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी ‘प्लेटो’ या संगणकाधारित शिक्षणप्रणालीसाठी पहिला प्लाझ्मा पडदा तयार केला, तेव्हा त्याचा मोठा गुण मानला गेला तो त्याची स्मृती हा. कोष एकदा पेटवला की त्याच्या भिंतींवर साचलेल्या विद्युत्भारामुळे तो पेटलेलाच राहत असे, त्यामुळे चित्र टिकवण्यासाठी संगणकाची त्या काळी अत्यंत महाग असलेली स्मृती खर्ची घालावी लागत नसे. विद्यार्थ्यासमोर मजकूर आणि आकृत्या स्थिर ठेवणे हेच त्या पडद्याचे काम होते. पुढे १९९० च्या दशकात हेच तंत्र मोठ्या रंगीत दूरचित्रवाणी संचांत आले, आणि स्थिर चित्र हाच त्याचा सर्वांत मोठा शत्रू ठरला. वाहिनीचे बोधचिन्ह, बातम्यांची तळाशी सरकणारी पट्टी, क्रिकेटच्या सामन्यात दिवसभर जागा न सोडणारा धावफलक, व्हिडिओ गेममधील गुणसंख्या यांची पुसट आकृती दुसरे चित्र आल्यावरही दिसत राहते. ही छाप काही वेळाने विरली तर तिला इमेज रिटेन्शन म्हणतात, कायमची बसली तर बर्न-इन.

योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात पतंजलीने विवेकी माणसाला सर्वच भोग दुःखरूप का वाटतात याची कारणे देताना परिणामदुःख, तापदुःख आणि संस्कारदुःख असे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि व्यासभाष्यात त्यांचे विवेचन येते. भोगाच्या अभ्यासाने आसक्ती वाढते, तसेच इंद्रियांचे कौशल्यही वाढते, हे परिणामदुःखाच्या संदर्भातील निरीक्षण येथे विशेष लागू पडते. ज्याने प्लाझ्मावरील काळा रंग पाहण्याची सवय लावून घेतली, त्याची नजर इतकी तरबेज होते की इतरांना न जाणवणारी पिवळसर-हिरवी रेघ वेगवान दृश्याच्या कडेला त्याला दिसू लागते, एकरंगी पार्श्वभूमीवरील बोधचिन्हाचा अवशेष तो शोधू लागतो, आणि संपूर्ण पांढरे दृश्य आले की वीज मर्यादेत ठेवण्यासाठी संच स्वतःच उजेड उतरवतो, हेही त्याच्या ध्यानात येते. ज्या कौशल्यामुळे त्याला चित्राचा आनंद अधिक मिळतो, तेच त्याला चित्रातील दोष दाखवते. या दोहोंपैकी एकच घेणे शक्य नसते.

तापदुःखाचे मूळ व्यासभाष्यात द्वेषाशी जोडलेले आहे, आणि सुख हातचे जाईल ही धास्ती असाही त्याचा अर्थ पुढे केला गेला. प्लाझ्माच्या घरात या दोन्ही छटा एकत्र नांदतात. चित्र थांबवून फोनवर बोलायला गेलेला मुलगा, बातम्यांची एकच वाहिनी दुपारभर लावून ठेवणारे आजोबा, सुट्टीत तासन्‌तास गेम खेळणारी भावंडे यांच्यापैकी कोणीही वावगे वागत नसते; तरी मालकाच्या लेखी ते पडद्याचे शत्रू होतात. संच घरातल्या सर्वांसाठी आणलेला असतो आणि घरातल्या सर्वांपासूनच तो जपावा लागतो. क्षेमाची चिंता माणसामाणसांतील संबंधांत कशी शिरते, याचे याहून साधे उदाहरण सापडणे कठीण आहे.

संस्कारदुःखाची तुलना सर्वांत मोहक असली तरी ती सावधपणे केली पाहिजे. अनुभव चित्तावर संस्कार, म्हणजे पुढील वृत्तीला आकार देणारा ठसा, ठेवून जातो, तसा प्रकाशित झालेला प्रत्येक क्षण फॉस्फरवर आपला अंश ठेवतो, इथपर्यंत साम्य खरे आहे. पण बर्न-इन म्हणजे पडद्यावर काही अधिक छापले जाणे नव्हे. बोधचिन्हाच्या जागचे कोष शेजाऱ्यांहून अधिक थकलेले असतात आणि तो फरक डोळ्यांना आकृतीसारखा दिसतो. संपूर्ण पडदा सारखाच मंदावला तर पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याला खुपते ती झिजेतील विषमता. म्हणूनच छाप घालवण्यासाठी पडद्यावर तासन्‌तास पांढरे चित्र चालवण्याचा जो उपाय केला जातो, तो तात्पुरत्या छापेवर गुणकारी असला, तरी कायमच्या छापेच्या बाबतीत उरलेल्या कोषांनाही म्हातारे करून फरक कमी करण्यापलीकडे जात नाही. योगदर्शनात निरोधाचे संस्कार जुन्या संस्कारांना आवर घालतात व अभ्यासाने चित्त पालटू शकते. फॉस्फरला असा परतीचा मार्ग नाही. जडाची आणि चित्ताची तुलना येथे थांबते, आणि ती येथे थांबते हे ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण प्रश्नाचा रोख वस्तूकडून पुन्हा वस्तू वापरणाऱ्याकडे वळतो.

या विषमतेतून निर्माण झालेला एक पेच नैतिक विचाराच्या दृष्टीने उद्बोधक आहे. भारतात एचडी वाहिन्या रुळेपर्यंत बहुतेक कार्यक्रम चारास तीन या जुन्या प्रमाणात येत, तर प्लाझ्माचा पडदा सोळास नऊ या रुंद प्रमाणाचा असे. चित्र त्याच्या खऱ्या आकारात दाखवावे तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहून मधला भाग अधिक झिजे. पडदा भरून टाकावा तर माणसे रुंद आणि चेंडू लंबगोल दिसत. पुष्कळ मालकांनी दुसरा मार्ग पत्करला. उत्तम चित्रासाठी घेतलेला संच उत्तम राहावा म्हणून त्यावर जाणूनबुजून विकृत चित्र पाहिले गेले, म्हणजे साधनाच्या रक्षणासाठी साध्याचा बळी दिला गेला. नव्या संचाचा उजेड पहिले शंभर तास उतरवून ठेवावा, हा त्या काळी सर्रास दिला जाणारा सल्लाही याच जातीचा होता.

मात्र प्रत्येक गैरसोयीला तत्त्वज्ञानाच्या पातळीवर नेणे हाही दोषच ठरेल. वस्तूच्या स्वभावातून येणारा दोष आणि बाहेरून आलेला, म्हणजे आगंतुक, दोष यांत भेद केला पाहिजे. फॉस्फर मंदावणे हा स्वभाव आहे. पण विद्युत्स्पंद पुरवणारा बोर्ड अकाली जळणे, उजळ दृश्यात संचाने कानाला बोचेल इतके गुणगुणणे किंवा सुटे भाग न मिळणे यांना निर्माता, विक्रेता आणि व्यवस्था उत्तरदायी असतात. सदोष मालाबद्दल दाद मागण्याचा हक्क भारतात १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिला आणि २०१९ च्या कायद्याने तो पुढे चालवला. जेथे तक्रार करणे योग्य तेथे वैराग्याचा आधार घेणे म्हणजे अन्यायाला अध्यात्माचे पांघरूण घालणे होय. याउलट, स्वभावदोषाबद्दल जन्मभर तक्रार करत राहणे हे अज्ञान आहे.

स्वभावदोषापुरता विचार करताना जैन आचारशास्त्रातील एक भेद अधिक उपयोगी ठरतो. रत्नकरंड श्रावकाचार या समंतभद्रांच्या ग्रंथात एकदा वापरून संपणाऱ्या वस्तूला, जसे अन्न, भोग म्हटले आहे आणि पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या वस्तूला, जसे वस्त्र, उपभोग म्हटले आहे. या दोहोंना मर्यादा घालण्याच्या गृहस्थाच्या व्रताला भोगोपभोगपरिमाण असे नाव आहे. प्लाझ्मा संच घेणारा तो उपभोगाची वस्तू म्हणून घेतो. पण वर वर्णिलेली रचना लक्षात घेता तो सावकाश चालणारा भोग आहे, कारण पाहिलेल्या प्रत्येक तासाबरोबर त्याचा तेवढा अंश खर्च होतो. उत्तरकाळातील निर्मात्यांनी उजेड निम्म्यावर येण्यास एक लाख तास लागतील असे सांगितले, म्हणजे रोज सहा तास पाहिल्यास पंचेचाळीस वर्षांहून अधिक. तरी तो साठा मोठा असला म्हणून साठाच राहतो. मालकाच्या मनस्तापाचे कारण झीज हे नसून, वापरूनही वस्तू न संपता आपल्याकडे राहील ही त्याची समजूत होय. ताटातले अन्न संपले म्हणून कोणी अन्नावर रागावत नाही, कारण ते संपण्यासाठीच आहे हे खाणाऱ्याला ठाऊक असते.

यावर आक्षेप येईल की झिजत तर सर्वच असते. वस्त्र विरते, घराची भिंत पडते, मग प्लाझ्मात विशेष ते काय? आक्षेप योग्य आहे, आणि त्यातूनच या उदाहरणाचे महत्त्व ठरते. उपभोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तू तत्त्वतः मंद भोगच असतात; केवळ त्यांचा क्षय इतका संथ किंवा इतका सारखा असतो की भेद व्यवहारात टिकून राहतो. प्लाझ्मात क्षय वापराशी थेट बांधलेला आणि दृश्य असल्यामुळे तो भेद मालकाच्या हयातीतच, किंबहुना हमीच्या मुदतीतच, उघडा पडतो. हा प्रश्न एका कालबाह्य यंत्रापुरताही नाही. ओएलईडी पडद्यातही प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असल्यामुळे छाप बसण्याची तीच शक्यता तेथे कायम आहे.

क्षेमाची ओढ सर्वांत प्रबळ झाली ती प्लाझ्माचे उत्पादन थांबल्यावर. पायोनियरने आपल्या ‘कुरो’ संचांसह दूरचित्रवाणीच्या व्यवसायातून बाहेर पडण्याचा निर्णय २००९ मध्ये जाहीर केला, पॅनासोनिकने २०१३ मध्ये आणि सॅमसंगने २०१४ मध्ये प्लाझ्मा पडदे बंद करण्याची घोषणा केली. नवा पडदा मिळेनासा झाल्यावर दुरुस्तीसाठी जुन्या संचांचे बोर्ड काढून वापरण्यावाचून मार्ग उरला नाही, आणि उरलेला प्रत्येक तास मोजून ठेवण्याजोगा वाटू लागला. या टप्प्यावर मालकापुढे दोन टोके दिसतात: संच झाकून ठेवावा, किंवा जाणारच आहे म्हणून बेफिकीरपणे वापरावा. पहिल्यात वस्तू राहते आणि तिचे प्रयोजन जाते; दुसऱ्यात दोन्ही लवकर जातात.

परिमाणव्रताचे शहाणपण या दोन टोकांच्या मध्ये आहे. ते व्रत वस्तू टाकून द्यायला सांगत नाही, तसेच ती अक्षय ठेवायलाही सांगत नाही; किती आणि कशासाठी खर्चायचे हे आधी ठरवून, ठरलेला खर्च खेदाशिवाय होऊ द्यायला सांगते. अशा दृष्टीने पाहणारा मालक चित्र त्याच्या खऱ्या आकारात पाहील, रिकाम्या खोलीत बातम्यांची पट्टी सरकत ठेवणार नाही, आणि घरच्यांनी मिळून पाहिलेल्या सामन्याच्या धावफलकाची पुसट छाप राहिली तर तिला हानी न समजता किंमत समजेल. ती किंमत योग्य गोष्टीसाठी दिली गेली की नाही, एवढाच हिशेब त्याच्याकडे उरेल. तृष्णेवरचा उपाय संतोष हा असेल, तर क्षेमाच्या दुःखावर संतोष पुरत नाही, कारण संतुष्ट माणूसही आपल्याजवळचे जपण्याच्या चिंतेत बुडालेला असू शकतो. त्या दुःखावर उतारा पडतो तो खर्चाला संमती देण्याचा, आणि ही संमती वस्तू विकत घेतानाच द्यावी लागते.