नॉर्वेच्या मुली, हिंगण्याच्या मुली

गेल्या उन्हाळ्यात एका व्याख्यानमालेत एका निवृत्त प्राध्यापकांनी स्त्री आणि तंत्रज्ञान या विषयावर सव्वा तास भाषण केलं. त्यांचं नाव मी घेणार नाही. ते दिवाळी अंक चाळतात, त्यांना कळेलच. त्यांचा मुद्दा असा: नॉर्वे-फिनलंडसारख्या देशांत बायकांना हवं ते शिकायची मुभा आहे आणि तिथे इंजिनिअरिंगला मुली कमी. अल्जीरियासारख्या देशात मुभा कमी आणि तिथे त्या जास्त. म्हणजे मोकळं सोडलं की मुलगी यंत्राकडे पाठ फिरवून माणसांकडे वळते, तिचा पिंडच तो. शेवटी त्यांनी भारतीय कुटुंबाला शाबासकी दिली: आपल्या संस्कारांनी मुलींना संगणकापुढे बसवलं, पाश्चात्त्यांना ते जमलं नाही. टाळ्या पडल्या. पिंड जर यंत्राविरुद्ध असेल, तर पोरींना पिंडाविरुद्ध जुंपणाऱ्या संस्कारांचं कौतुक कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. मी हात वर केला होता, पण आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. म्हणून हा लेख.

आधी आकड्यांचं बघू, कारण सभागृहात आकडा उच्चारला की लोक शंका विचारायचं सोडून देतात. हा सगळा डोलारा स्टूट आणि गिअरी या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात छापलेल्या निबंधावर उभा आहे. हार्वर्डच्या सारा रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा मांडून पाहिले, तर जुळेनात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांतला स्त्रियांचा वाटा म्हणून जे छापलं होतं, ती साधी टक्केवारी नव्हतीच. लेखकांनी स्वतः बेतलेलं वेगळंच गुणोत्तर होतं. डिसेंबर २०१९ मध्ये लांबलचक दुरुस्ती छापावी लागली. दुरुस्ती वाचायला कोण जातो? आणि खरी गंमत पुढे आहे. निबंधाने आधाराला घेतलेली माहिती २०१५ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीची, आणि त्या चाचणीत भारत बसलाच नव्हता. ज्या पानावर आपलं नावच नाही त्यावरून आपल्या संस्कृतीला प्रशस्तिपत्र मिळालं.

तरीही निबंध पुरता मोडीत निघाला असं मी म्हणणार नाही. श्रीमंत देशांत मुली या शाखांकडे कमी जातात, हे इतरांनीही नोंदवलं आहे. मारिया चार्ल्स आणि कॅरन ब्रॅडली या समाजशास्त्रज्ञांनी २००९ साली ४४ देशांतलं उच्च शिक्षण तपासून असंच चित्र मांडलं, अर्थ मात्र दुसरा काढला. पोटाची चिंता मिटलेल्या समाजात मुलीला विचारतात, तुला काय आवडतं? सोळाव्या वर्षी ती जे उत्तर देते ते खेळण्यांच्या दुकानाने, मैत्रिणींनी, सिनेमाने तिला आधीच पढवलेलं असतं. प्राध्यापकमहाशय ज्याला पिंड म्हणतात ती बरीचशी ही पढवणूक आहे.

आणि पिंड पाच-पंचवीस वर्षांत बदलतो का? १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक संगणकाचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं होतं. ब्रिटनमध्ये सरकारी कचेऱ्यांतलं संगणकाचं काम वर्षानुवर्षं बायकाच करत, कारण ते कारकुनी, कंटाळवाणं आणि कमी पगाराचं समजलं जाई. साठच्या दशकात साहेबांच्या ध्यानात आलं की या यंत्रापाशी बसणाऱ्याच्या हाती सत्ता येते. मग वरच्या जागांवर पुरुष आणले आणि त्यांना शिकवायचं काम त्याच बायकांवर टाकलं. हा इतिहास मार हिक्स यांनी २०१७ च्या 'प्रोग्राम्ड इनइक्वॅलिटी' या पुस्तकात सरकारी दप्तरं उपसून लिहिला आहे. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुली ३७ टक्के होत्या. पुढच्या पंचवीसेक वर्षांत त्या १८ टक्क्यांवर आल्या. मधल्या काळात घरगुती संगणक बाजारात आला आणि तो मुलग्यांचं खेळणं म्हणून विकला गेला. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली या शाखेत मुली जेमतेम ७ टक्के होत्या. प्रवेशाचे निकष आणि सुरुवातीचे अभ्यासक्रम बदलल्यावर २००० साली ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत पिंड पालटला म्हणायचा!

इथवर सोपं होतं. आता आपल्या घरात येऊ.

पावसाळा लागला की इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे कॅप राऊंड येतात. ऑप्शन फॉर्म भरताना मी नात्यातल्या काही घरांत बसले आहे. लॅपटॉप वडिलांपुढे, मागे काका, मामा फोनवर. सिव्हिल नको, साइटवर उन्हात उभं राहावं लागतं. मेकॅनिकल नको, शॉप फ्लोअरवर सगळे पुरुष. इलेक्ट्रिकल म्हणजे खांबावर चढायचं का, असं एका मामांनी खरोखर विचारलं होतं. मग कॉम्प्युटर. एसी ऑफिस, दारात कंपनीची गाडी, पॅकेज बरं, आणि उद्या नवरा बंगळूरला असो की बोस्टनला, हिला तिथे नोकरी मिळते. 'एल' अक्षराने सुरू होणारे कोड म्हणजे मुलींच्या राखीव जागा. त्या कोडाखालचा गेल्या वर्षीचा कटऑफ मुलगी मोबाईलवर शोधून सांगत होती. तुला काय आवडतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. तिनेही तो अपेक्षिला नव्हता.

मामांची ही कारणं काही फक्त मराठी नव्हेत. रोली वर्मा यांनी भारतातल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनींशी बोलून लिहिलं आहे, त्यातही बंद खोलीतलं सुरक्षित काम, मान आणि पगार हेच पुन्हा पुन्हा येतं. व्हिव्हियन लागेसेन या नॉर्वेच्याच अभ्यासक क्वालालंपूरला गेल्या, तर तिथल्या विद्यापीठात संगणकाच्या वर्गात मुली बहुसंख्य आणि विभागप्रमुखही बायका. संगणक हे पुरुषी काम, ही कल्पनाच त्यांना तिथे भेटली नाही. उलट ऑफिसात बसून करायचं, म्हणून ते बायकांना बरं.

यात संस्कारांइतकाच कायद्याचाही हात आहे, आणि त्याबद्दल व्याख्यानात अवाक्षर नव्हतं. १९४८ च्या कारखाना कायद्याने बायकांना संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कारखान्यात काम करायला मनाई केली. हेतू संरक्षणाचा. परिणाम असा की तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याला बाई इंजिनिअर अडचणीची वाटू लागली. पुढे मनाई सैल झाली, तोवर कारखान्याची सवय पक्की झाली होती. सॉफ्टवेअर कंपनी मात्र कारखाना नव्हे. ती दुकाने-आस्थापनांच्या कायद्याखाली आली आणि रात्रपाळीसाठी तिला सवलती मिळत गेल्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या कायद्याने संरक्षणाच्या अटी घालून रात्री साडेनऊनंतरचं काम सगळ्याच आस्थापनांतल्या स्त्रियांना खुलं केलं. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं आणि सुधा कुलकर्णींनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं, ही गोष्ट मराठी आयांनी पोरींना जेवू घालताना सांगितली आहे. सांगितली, आणि पोरीला शॉप फ्लोअरवर न पाठवता हिंजवडीच्या आयटी पार्कात पाठवलं.

आता माझ्या दैवताकडे वळते. आगरकरांनी 'सुधारका'त ठामपणे लिहिलं की मुलगे आणि मुली यांना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं. बायकांच्या बुद्धीचा घाट वेगळा म्हणून अभ्यासक्रम वेगळा, हे त्यांना मान्य नव्हतं. चाळिशीही न गाठता १८९५ साली ते गेले. पुढच्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. जपानच्या स्त्री विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली, १९१५ च्या सामाजिक परिषदेत त्यांनी ती कल्पना मांडली आणि १९१६ साली आपलं विद्यापीठ सुरू केलं. त्याचा पाया असा की स्त्रीचं कार्यक्षेत्र निराळं, म्हणून शिक्षणही निराळं; गृहशास्त्र, आरोग्य, मातृभाषेतून अध्यापन. आगरकर असते तर त्यांनी याची सालं काढली असती. आमच्या व्याख्यात्यांचं भाषण म्हणजे १९१५ चीच भूमिका, मेंदूविज्ञानाचा कोट चढवून आलेली. फरक इतकाच की कर्वे त्यासाठी पायाला भिंगरी लावून वर्गणी मागत हिंडले.

पण हिंगण्याच्या, आजच्या कर्वेनगरच्या भूमीवर कर्व्यांच्याच संस्थेने १९९१ साली फक्त मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सच्या मदतीने. इलेक्ट्रॉनिक्स, संगणक हे आधी आलं. मेकॅनिकल बऱ्याच नंतर. अभ्यासक्रम मात्र पुणे विद्यापीठाचा, मुलग्यांना होता तोच, पेपरही तेच. म्हणजे भिंती कर्व्यांच्या आणि पुस्तकं आगरकरांची. मुलींचं कॉलेज म्हटल्यावर साताऱ्या-सांगलीचा बाप निश्चिंत होई. वर्गात काय शिकवतात याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. आगरकरांचा युक्तिवाद त्या बापाला पटवायला आणखी शंभर वर्षं लागली असती. मी आगरकरांची, तरी हे मला मान्य करावंच लागतं: बापाची भीती खोडून काढण्यापेक्षा तिला वळसा घालणं जास्त उपयोगी पडलं.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे. आमच्या स्त्रीवादी मैत्रिणी म्हणतात, मुलींनी संगणक निवडला कुठे? घराने निवडला, बाजाराने निवडला, लग्नाच्या बायोडेटाने निवडला. खरंच आहे. पण आवडीने निवडायला सांगितलेल्या नॉर्वेच्या मुलीचं काय झालं ते आपण पाहिलं. आमच्या मुलीला आवड विचारली नाही, म्हणूनच गुलाबी-निळ्याची पढवणूक तिच्या फॉर्मपर्यंत पोचली नाही. गणितात मार्क आहेत ना, मग चल. या रोखठोकपणाने जितक्या मुलींना पगाराचं खातं मिळवून दिलं तितक्यांना स्त्रीमुक्तीच्या शिबिरांनी दिलं नाही. आणि आवड कामाआधीच असावी लागते हे कुणी ठरवलं? पहिला प्रोग्रॅम चालल्यावर रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, ज्यांना बारावीत बायॉलॉजी हवं होतं.

हे दार सगळ्यांना सारखं उघडलं असं मात्र समजू नये. बारावीला शहरातला क्लास, घरात इंग्रजी, पुण्यात उतरायला मावशी, हे ज्या जातींकडे होतं त्यांच्या मुली आधी आत गेल्या. २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि मराठा घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. हा निर्णय मोठा आहे. धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी जे पैसे बाजूला ठेवले जातात, त्यांच्याशी मुलीच्या फीची स्पर्धा त्याने संपवली. पुण्यातली खोली आणि मेस यांची मात्र संपवली नाही.

या रोखठोकपणाची दुसरी बाजू पस्तिशीच्या आत दिसते. देशात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमांत मुली सुमारे ४३ टक्के. आयटी कंपन्यांच्या एकूण नोकरदारांत त्या एक तृतीयांशाच्या थोड्या वर. वरच्या खुर्च्यांत अगदीच विरळ. मधे काय होतं ते वाकड-बाणेरच्या कुठल्याही सोसायटीत ऐकायला मिळतं. पाळणाघर संध्याकाळी साडेसातला बंद होतं; हिंजवडीहून निघालेली गाडी त्या वेळी पुलाखाली उभी असते. जादा तासाचे जादा पैसे. मग एका रविवारी नवरा-बायको हिशेब मांडतात. तिचा पगार, त्यातून पाळणाघर वजा, स्वयंपाकाच्या बाईचे वजा, कॅबचे वजा. उरतं ते पाहून तो समजूतदारपणे म्हणतो, "एवढ्यासाठी कशाला दगदग करतेस?" मूल दोघांचं. वजाबाकी तिच्या एकटीच्या पगारातून झाली. ती त्याच्या पगारातून, निदान दोघांच्या बेरजेतून करून पाहावी, हे त्या खोलीत कुणाला सुचत नाही. इंजिनिअर असूनही.

तेव्हा मुलीला आत आणणारा हिशेब आणि तिला बाहेर काढणारा हिशेब एकच. आत येताना तो तिच्या बाजूने लागला, कारण बाजारभाव चढा होता. आता कंपन्या नवी भरती आखडत्या हाताने करताहेत, निम्मं काम यंत्रच करेल अशी भाषा चालू आहे. पॅकेज घसरलं तर ऑप्शन फॉर्मपुढे बसलेले तेच काका मुलीसाठी दुसरी शाखा सुचवतील, आणि मुलग्याला सांगतील, थोडा थांब, बाजार फिरेल. हे झालं तर त्याला पुन्हा पिंड म्हणायला कुणी ना कुणी तयार असेलच.

हिशेब बदलतो तो सरकार त्यात उतरल्यावर. प्रवेशाच्या वेळी ते उतरलं, बाळंतपणाच्या वेळी अर्ध्यावर थांबलं. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, पण विमा योजनेबाहेरच्या बाईचा त्या काळातला पगार सगळाच मालकाने द्यायचा. सहा महिन्यांचा खर्च कोणत्या उमेदवारावर येणार हे मुलाखत घेणाऱ्याला न सांगता कळतं. पन्नास किंवा अधिक माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी असंही तोच कायदा सांगतो. छोट्या कंपन्यांतल्या बायकांना त्याचा उपयोग नाही. व्याख्यात्यांनी नॉर्वेच्या मुली आणल्या. नॉर्वेचे बाप आणले नाहीत. तिथे पालकत्वाच्या रजेचा पगार सामाजिक विम्यातून मिळतो आणि १९९३ पासून त्या रजेचा एक भाग फक्त बापासाठी राखलेला आहे. त्याने घेतला नाही तर बुडतो. आपल्याकडे केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. हिंजवडीत काम करणाऱ्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. कंपनीने स्वतःहून दिली तर मिळते, आणि दिलेलीही सगळे घेत नाहीत, कारण त्याच महिन्यात अप्रेझल असतं.