ओली आहे तोवर



आंबा खाऊन झाला की कोय आपण परसात भिरकावतो. पाऊस पडतो. काही दिवसांनी तिथंच एक तांबूस, लवलवतं पान वर आलेलं दिसतं. कुणी लावलेलं नसतं ते. कोय ओली होती आणि मातीला टेकली होती, एवढंच.

ज्वारी कणगीत वर्षभर राहते आणि पेरली की उगवते. आंब्याच्या कोयीचं तसं नाही. फणसाच्या आठळीचंही नाही. सुकली की तिच्या आतला जीव जातो. पुढच्या वर्षी लावू म्हणून फडताळात ठेवलेली कोय उगवत नाही. ती लावायची, ओली आहे तोवर.

मनात आलेल्या चांगल्या गोष्टीचंही असंच असतं. आजारी शेजाऱ्याकडे जाऊन यावं, असं वाटतं. रुसलेल्या भावाशी बोलावं, असं वाटतं. वाटतं त्या क्षणी ते ओलं असतं. मग आपण म्हणतो, सवडीनं बघू. सवड मिळते, तेव्हा आतला ओलावा गेलेला असतो.

हापूसच्या कोयीतून हापूसच येईल, असं नाही. फळाला कितीतरी वर्षं लागतील. पण झाड वाढलं की सावली येईल. पाखरं येतील. मला तेवढंही पुष्कळ वाटतं.

श्रोतेहो, आज आंबा खाल, तेव्हा कोय मातीत ठेवा. आणि भावाला फोन करायचा राहिला असेल, तर तोही आजच करा. माया ओली आहे तोवर.